प्रत्येकाने एकेक तुळई आणावी
(वाचावे : २ राजे ६:१–७; मार्क ६:१–६)

संदेष्ट्यांच्या शिष्यांना राहती जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी आपला गुरू अलीशा ह्याच्याजवळ एक साधी मागणी केली. यार्देनेकाठी जावे, प्रत्येकाने तेथून एकेक तुळई तोडून आणावी, आणि आपले घर आपणच उभारावे, एवढीच ती मागणी होती. गुरूने रुकार दिला. इतकेच नव्हे, तर एका शिष्याने गळ घातली म्हणून तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला. पुढे कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले व ते तरंगले, ही हकिकत आपल्या शब्बाथ शाळेतील लेकरांनाही ठाऊक आहे. त्या चमत्कारावर उपदेश पुष्कळ झाले. चमत्काराच्या आधीच्या ओळींवर मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि आज आम्हांस त्याच ओळींकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

ही माणसे धंद्याने लाकूडतोडी नव्हती. ती शास्त्र शिकणारी, प्रार्थनेत वेळ घालविणारी, उद्या गावोगाव देवाचे वचन सांगण्यास जाणारी माणसे होती; म्हणजे आपल्या सुवार्तिकांसारखी व शास्त्रवाचकांसारखीच. त्यांच्यातील एकाजवळ तर स्वतःची कुऱ्हाडही नव्हती, ती त्याने कोणाकडून मागून आणली होती. तरीही ‘सुतारास बोलवा, आम्ही पोथी वाचीत बसतो’ असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटल्याचे शास्त्रात आढळत नाही.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मंडळ्यांकडे पाहू. देवाच्या कृपेने आपली मुले शिकली. ज्यांच्या आज्यांना अक्षर येत नव्हते त्यांची नातवंडे पदव्या घेऊन आली, आणि ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितो. परंतु त्याबरोबर एक वाईट खोडही आली. हाती पुस्तक आले तो मोठा व हाती वाकस आहे तो धाकटा, असे आपण बोलून नव्हे तर वागून शिकविले. घराच्या दाराची कडी निखळली तर ती बसविण्यास दुसऱ्या गावाहून माणूस येईपर्यंत दार दोरीने बांधलेले असते, आणि घरात दोन पदवीधर नोकरीच्या पत्राची वाट पाहात बसलेले असतात. नोकरी मिळो, अशीच आमची प्रार्थना आहे. पण पत्र येईपर्यंत ते हात कोणाचे?

म्हणून आम्ही एक सूचना करितो. कापसाची वेचणी आटोपली की मृगापर्यंत शेतीच्या कामास थोडी उसंत असते. त्या अवधीत प्रत्येक मंडळीतील तरुणांनी, आणि त्यांच्याबरोबर सुवार्तिकाने स्वतः, एक सुतारी मेज आपल्या हातांनी करावे. मुलींना ह्यातून वगळू नये. यरुशलेमेचा कोट बांधताना शल्लूमच्या मुली आपल्या बापाबरोबर कामास उभ्या होत्या, हे नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात नावानिशी लिहून ठेविले आहे.

मेजच का, असे कोणी विचारील. आपल्या वऱ्हाडातील वाढई तर जमिनीवर बसून काम करितो, लाकूड पायांच्या बोटांत धरितो, समोर एक ठोकळा असला म्हणजे त्यास पुरे. ही रीत हीन आहे असे कोणी समजू नये. आपल्या घरांच्या चौकटी, बंड्या, वखरे, तिफणी सर्व ह्याच रीतीने झाली. परंतु त्याच्या पायास जी पकड आली ती लहानपणापासून बापाजवळ बसून आली. विसाव्या वर्षी शिकावयास बसणाऱ्याच्या पायास ती येणार नाही. त्याचे लाकूड दुसऱ्या कशाने तरी घट्ट धरून ठेविले पाहिजे, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. ते काम मेज करिते. शिवाय खुर्ची केली तर ती पाहुण्यास दाखविता येते, पेटी केली तर विकता येते. मेज ना दाखविण्याचे ना विकण्याचे. पुढची सारी कामे सरळ व्हावीत एवढ्यासाठीच ते असते. ज्यास लोकांनी पाहावे म्हणून काम करण्याची सवय लागली आहे, त्याच्यासाठी ह्याहून चांगला आरंभ नाही.

हा विचार आपल्या शेजारी नवा नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यात वर्धा शहर व सेवाग्राम आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिच्यात महात्मा गांधींनी मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारे व्हावे अशी योजना मांडिली, आणि डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखिला. सूतकताई व शेती ह्यांबरोबर सुतारकामही त्यात होते. त्याच वर्ध्यात, मगनवाडी येथे, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा पाहात असत. ते तमिळ देशातील ख्रिस्ती कुटुंबात वाढलेले. विलायतेत हिशेबनिसाची परीक्षा उत्तीर्ण झालेले. मुंबईत चांगला जम बसलेले. ते सर्व सोडून त्यांनी गावातील घाणी, चाक व माग ह्यांची चिंता वाहिली, आणि येशूच्या शिकवणुकीवरील आपले पुस्तक तुरुंगात असताना लिहिले. आपल्या दारापासून एका नदीच्या अंतरावर हे घडले. आपल्या किती मंडळ्यांत त्यांचे नाव ठाऊक आहे?

फार दूरचे उदाहरण हवे असेल तर फिनलंड देशाचे आहे. तेथील ऊनो सिग्नेउस नावाच्या लुथरन पाळकाने लोकशाळांची घडी बसविली, तेव्हा वाचन व गणित ह्यांच्या जोडीस लाकूडकाम घातले, आणि १८६६ साली खेड्यांतील मुलग्यांसाठी हस्तकाम सक्तीचे झाले. मुलांना सुतार करणे हा त्याचा हेतू नव्हता. हात, डोळा व मन ही एकत्र चालावीत, हा होता.

आता लाकडाविषयी. येथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहो, कारण मेज बिघडले तर सुधारता येते, लाकूड वाईट मार्गाने आले तर ते कशाने सुधारावे?

आपला जिल्हा सागाचा आहे. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी, उमरखेड ह्या बाजूंस ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांस हे सांगावयास नको. साग सरळ असतो, रंध्याखाली लोण्यासारखा चालतो, वाळल्यावर फारसा वाकत नाही व वाळवीही त्याच्या गाभ्यास सहसा लागत नाही. म्हणूनच तो मोहाचे झाड आहे. रात्री जंगलातून आलेला तुकडा स्वस्त मिळतो, आणि ‘आपण तोडला नाही, आपण तर पैसे दिले’ असे म्हणण्यास मन तयारच असते. वाचकहो, मागून आणलेली कुऱ्हाड पाण्यात पडली तेव्हा तो शिष्य कशासाठी ओरडला, हे पुन्हा एकदा वाचा. काम थांबले म्हणून तो ओरडला नाही. वस्तू दुसऱ्याची आहे, ह्या दुःखाने तो ओरडला. ज्या मनास हे दुःख होत नाही, त्याने प्रार्थनामंदिराच्या ओसरीत चोरीच्या सागाचे मेज आणून ठेवू नये. आपल्या स्वतःच्या शेतातील सागही १९६४ च्या कायद्यान्वये परवानगीवाचून तोडता येत नाही. ती परवानगी काढण्यास चार खेपा पडतील, तर त्या खेपा हाही ह्या शिक्षणाचाच भाग समजावा.

प्रामाणिक लाकूड मिळण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. जुने घर उतरविले जाते, त्याच्या तुळया व वासे पावती घेऊन विकत मिळतात. पन्नास वर्षे छपराखाली वाळलेले ते लाकूड नव्या लाकडाहून कितीतरी चांगले. त्यातील खिळे मात्र एकूणएक शोधून काढावे, नाहीतर रंध्याचे पाते एका क्षणात दातरे होईल. मोडक्या बंडीचे दांडे गावात कोठे ना कोठे पडलेले असतात. ते मालकास विचारून घ्यावे. आणि बाभूळ तर आहेच. बाभूळ जड, कठीण, हातास फोड आणणारी. पण आपल्या बापजाद्यांनी नांगर व बंडीची चाके तिच्यावर सोपविली ती उगीच नव्हे. मोशेला कराराचा कोश ज्या लाकडाचा करण्याची आज्ञा झाली, ते रानातील झाड आपल्या बाभळीच्या भाऊबंदांपैकीच होय. मंदिरासाठी गंधसरू लबानोनाहून पुढे आले. रानात जे होते त्यातून देवाने आपला कोश करविला. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडास भुंगा फार लवकर लागतो, म्हणून आपले शेतकरी ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवितात व नंतर सावलीत वाळवितात. उन्हात घाई केली तर ती फाटते. ज्यास ह्या उन्हाळ्यात बाभळीचे मेज करावयाचे आहे, त्याने गेल्या वर्षीच ओंडका तयार ठेविलेला असला पाहिजे. नसेल तर जुन्या लाकडावर काम करावे आणि पुढच्या तुकडीतील मुलांसाठी ओंडका आज पाण्यात टाकावा.

मेजाची उंची प्रत्येकाने आपल्या शरीरावरून ठरवावी. सरळ उभे राहून हात खाली सोडावे. तळहात आडवा केला असता जेथे टेकेल तेथे मेजाचा माथा यावा. मध्यम उंचीच्या माणसास ती ३० इंचांच्या आसपास भरते. लांबी ५ फूट, रुंदी दीड ते दोन फूट, आणि माथ्याची जाडी अडीच इंचांहून कमी नसावी, कारण ठोकताना जे मेज उडते ते शिकणाऱ्याचा घाव चुकविते. पाय चार इंच चौरस घ्यावे. माथ्याची एकच रुंद फळी मिळाली नाही तर दोन घ्याव्या व मध्ये बोटभर फट ठेवावी. लाकूड लांबीत बदलत नाही म्हटले तरी चालेल, पण रुंदीत ते उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते. वैशाखात खिळ्यांनी जखडलेली फळी श्रावणात फुगून सांधे ताणते, व पुन्हा आकसताना फाटते.

पहिली अडचण अशी की, मेज करावयास मेज नसते. पहिली फळी जमिनीवरच सरळ करावी लागते, वाढयासारखे बसून, पायाने दाबून. पाठ दुखते, रंधा घसरतो, ढलप्या जाड निघतात. ह्या आठवड्यात पुष्कळ मुले सोडून जातील. जी राहतील त्यांस कळेल की, आपण ज्या सोयीची इच्छा करितो ती आपल्या आधी कोणीतरी गैरसोयीत बसून केलेली असते. आपल्या गावांत पहिल्याने सुवार्ता आणणाऱ्यांस बसावयास ओसरीसुद्धा नव्हती.

दुसरी गोष्ट धारेची. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात बोथट हत्याराविषयी जे सांगितले आहे, की त्यास धार लाविली नाही तर अधिक जोर करावा लागतो, ते खरे आहे की नाही हे पटाशी हाती धरल्यावर एका तासात समजते. नवशिका हातोडा जोराने मारितो. जाणता उठून निसण्यावर पटाशी घासतो. आम्ही असे सुवार्तिक पाहिले आहेत की जे दिवसास तीन गावे हिंडतात व बोलून बोलून घसा बसवितात, पण सकाळी अर्धा तास शास्त्र उघडून बसण्यास त्यांस सवड नसते. जोर वाढत जातो, लाकूड कापले जात नाही.

पाय व आडव्या पट्ट्या जोडताना खिळा वापरू नये. पट्टीचे टोक कोरून जी जीभ काढितात ती कुसू, आणि पायात कोरलेल्या ज्या भोकात ती शिरते ती खोबण. कुसू लाकडाच्या जाडीचा तिसरा हिस्सा ठेवावे; दीड इंचाची पट्टी असेल तर अर्धा इंच. ह्याहून जाड केले तर खोबणीच्या भिंती दुबळ्या होतात, बारीक केले तर कुसूच मोडते. खोबण एका बाजूने कोरीत गेल्यास पलीकडे ती वाकडी निघते. म्हणून दोन्ही बाजूंनी रेघा मारून अर्धी इकडून व अर्धी तिकडून कोरावी. मध्यभागी दोन्ही भोके मिळतात की नाही, ह्याची जी धाकधूक असते ती पहिल्या खोबणीस फार असते, आठव्या खोबणीस थोडी कमी. सांधा बसला म्हणजे त्यात आरपार खुंटी मारावी. अशा सांध्यावर रंध्याचे हजारो हिसके बसले तरी तो हलत नाही.

भुसा उडून डोळ्यांत जाईल तेव्हा मुलांना मत्तयाच्या सातव्या अध्यायाची आठवण करून द्यावी. आपल्या मराठी शास्त्रात कुसळ व मुसळ असे दोन सुंदर शब्द घातले आहेत. मूळ ग्रीक भाषेत दुसऱ्या शब्दाचा अर्थ घराची तुळई असा आहे. हा दृष्टान्त सुताराच्या घरात वाढलेल्याच्याच तोंडी शोभतो.

माथा शेवटी सपाट करावयाचा, सर्व जोडणी झाल्यावर. येथे एक युक्ती शिकून घ्यावी. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर फळी सपाटच दिसते, पण तिला पीळ असतो. एक कोपरा उंच, त्याच्या तिरप्या समोरचाही उंच. दोन अगदी सरळ व सारख्या उंचीच्या पट्ट्या घेऊन एक मेजाच्या अलीकडच्या टोकास व दुसरी पलीकडच्या टोकास आडवी ठेवावी, आणि खाली वाकून अलीकडच्या पट्टीवरून पलीकडची पाहावी. दोघींच्या कडा समांतर दिसल्या तर ठीक. एकीचे टोक वर आले तर तेवढा पीळ आहे. एका पट्टीने तो कधीच कळत नाही. प्रभूने साऱ्या नियमशास्त्राचे सार सांगताना एक आज्ञा न सांगता दोन सांगितल्या, देवावरील प्रीतीची व शेजाऱ्यावरील प्रीतीची. केवळ पहिली ठेवून आपणास सरळ समजणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. दुसरी पट्टी पलीकडच्या टोकास ठेविली म्हणजे काय दिसते ते त्यांनी पाहावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट : शिकवील कोण? पुस्तकावरून हे काम येत नाही. गावातील वाढयाजवळ जाऊन शिष्य म्हणून बसावे लागेल, आणि येथे जुने दुखणे जागे होते. बलुत्याच्या व्यवस्थेत काम जन्माने वाटलेले होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी गावकी केली, मेलेली गुरे ओढली, पण रंध्यास हात लाविला असता तर गावाने तो सहन केला नसता. जात ही कामे वाटीत नाही, कामकरी माणसांनाच एकमेकांपासून तोडिते, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली आपल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात दाखवून दिले. त्यामुळे आपला एखादा वडील माणूस म्हणेल, ‘ज्यांच्या ओसरीवर आम्हांस चढू दिले नाही, त्यांच्या पायाशी आमच्या मुलाने बसावे काय?’ हा प्रश्न रास्त आहे, व त्यास रागे भरून गप्प करणे योग्य नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच की, जे काम आपणास नाकारले गेले तेच काम नीट शिकून घेणे ह्यात लाचारी नाही. आज त्या वाढयाचीही स्थिती पाहा. बंड्या गेल्या, लोखंडी अवजारे आली, यंत्रावरची दारे शहरातून येतात, आणि त्याचा स्वतःचा मुलगा हत्यारास हात लावीत नाही. त्याची विद्या त्याच्याबरोबर जाण्याच्या बेतात आहे. आपला मुलगा त्याच्याजवळ गेला तर दोघांच्याही मनातील एकेक गाठ सैल होण्याचा संभव आहे. मात्र फुकट शिकू नये. दिवसाचा मोबदला आधी ठरवावा व संध्याकाळी द्यावा. अडवून ठेविलेली मजुरी ओरड करिते, असे याकोब आपल्या पत्रात सांगतो. आणि तो नाहीच म्हणाला तर? तर दुसऱ्या गावी जावे. यार्देन काही शिष्यांच्या दारात वाहात नव्हती.

आम्हांस नासरेथचे लोक आठवतात. प्रभू सभास्थानात शिकवू लागला तेव्हा त्यांनी त्याच्या ज्ञानाचे आश्चर्य केले, आणि लगेच तो गावचा सुतार असल्याची आठवण काढून अडखळले. मार्काने तेथे वापरलेला तेक्तोन हा ग्रीक शब्द लाकडाचे व बांधकामाचे काम करणाऱ्या कारागिराचा आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन नावाच्या रक्तसाक्ष्याने, जो शोमरोन प्रांतातच जन्मला होता, असे लिहून ठेविले आहे की येशू नांगर व जू करीत असे. आपल्या वाढयाचेही तेच काम! लूक सांगतो की, सेवा आरंभिली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याच्या तीन वर्षांच्या सेवेवर चार शुभवर्तमाने आहेत, आणि त्या आधीच्या कामाच्या वर्षांवर एक ओळही नाही. ती वर्षे वाया गेली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्या खांद्यांवर पुढे वधस्तंभाचे लाकूड ठेविले गेले, त्यांस लाकडाचे वजन आधीपासून ठाऊक होते.

आणि निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायातील बसालेल ह्यास विसरू नये. देवाने अमुक माणसास आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे शास्त्रात प्रथम ज्याच्याविषयी सांगितले आहे, तो याजक नव्हे, राजा नव्हे. सोने, दगड व लाकूड घडविणारा कारागीर आहे. आत्म्याचे दान मागताना आपण उपदेशाची वाणी मागतो, गाण्याचा गळा मागतो. हातांसाठी मागितल्याचे आम्ही क्वचितच ऐकिले आहे.

काम पुरे झाले म्हणजे मेजास जवसाचे तेल दोनदा चोळावे. पहिला हात पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेते. उन्हात पसरून वाळवावी. मेज प्रार्थनामंदिराच्या ओसरीत भिंतीपासून हातभर दूर मांडावे, म्हणजे वाळवी भिंतीवरून थेट चढणार नाही, आणि चारही पायांखाली सपाट दगड द्यावे. एका कडेस रंधा, करवत, दोन पटाश्या, गुण्या व निसणा ठेवण्यास फळी करावी. किल्ली सुवार्तिकाजवळ असावी, पण मागणाऱ्यास, तो मंडळीतला असो वा नसो, हत्यार मिळावे. मृगाचा पाऊस पडला की पहिल्या आठवड्यात सांधे पुन्हा पाहावे. लाकूड फुगलेले असेल, कोठे खुंटी वर आली असेल. ती ठोकून बसवावी, आणि सागवान माथ्यावर पहिले काम म्हणून कोणाच्या तरी मोडक्या दाराची चौकट घ्यावी. ती वाढयाच्या घरची असली तर फारच चांगले.